बॅगेवर आपलंच नाव हवं



दिवाळी झाली की आपल्याकडे यात्रांचे बेत सुरू होतात. कुणी शिखरजी, कुणी श्रवणबेळगोळ, कुणी गिरनार. लाडू-चिवड्याचे डबे, पाणी गाळायचं गाळणं, पूजेची धूतवस्त्रं अशी यादी मंदिरात बसूनच तयार होते. त्या यादीत बॅगेला लावायची नावाची चिठ्ठी कधीच नसते. ती पहिल्या ओळीत असावी असं माझं मत आहे. ती घरी करावी आणि तिच्यावर बाईचं स्वतःचं नाव असावं.

माझ्यावर गुदरलेलं आधी सांगते. यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. नणंदेनं आग्रह केला म्हणून मी बेचाळीस जणींबरोबर सम्मेद शिखरजीला निघाले. यात्रा काढणाऱ्यांनी प्रत्येकीला एक मरून रंगाची बॅग भेट दिली होती. म्हणजे एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या बेचाळीस बॅगा! मिरजेहून दोन रात्रींचा प्रवास करून पहाटे पारसनाथ स्टेशनला उतरलो. सामान दोन गाड्यांच्या टपावर चढलं आणि मधुबनला पोहोचलो तेव्हा माझी बॅग नव्हती. आमच्यासारख्याच बॅगा असलेला आणखी एक संघ त्याच वेळी उतरला होता. त्यांच्या सामानात ती निघून गेली होती.

बॅगेला टॅग होता. जुनाच, यांच्या अक्षरातला. त्यावर यांचं नाव आणि यांचा मोबाईल नंबर. मी तो काढला नव्हता. का काढला नव्हता, हे तुमच्यातल्या काही जणींना सांगायची गरज नाही. त्या संघातल्या एका भल्या माणसानं दोन-तीनदा फोन केला. पण यांचा नंबर आम्ही केव्हाच बंद केला होता आणि कंपनीनं तो दुसऱ्याला दिला होता. त्या अनोळखी माणसानं रॉंग नंबर म्हणून फोन ठेवला. त्याचं काहीच चुकलं नाही. बॅग तीन दिवसांनी हाती आली.

त्या बॅगेत माझ्या बीपीच्या गोळ्या होत्या, डॉक्टरांची चिठ्ठीही त्यातच. गोळीचं नाव मला धड आठवेना. मुलाचा फोन लागला तोपर्यंत दुपार झाली आणि त्यालाही नाव ठाऊक नव्हतं. शिखरजीची वंदना म्हणजे नऊ किलोमीटर चढ, वर टोंकांची नऊ किलोमीटर फेरी आणि नऊ किलोमीटर उतार. गोळी न घेता रात्री दोनला उठून तो पहाड चढायचा धीर मला झाला नाही. डोलीचाही विषय निघाला, पण डोकं जड झालं होतं. बाकीच्या सगळ्या गेल्या. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले, त्या पहाडाच्या पायथ्याशी धर्मशाळेच्या पायरीवर बसून मी णमोकार म्हटला. दुसऱ्या दिवशी संघ पावापुरीकडे निघाला.

गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेवायला हव्या होत्या, ही माझी चूक मी कबूल करते. पण टॅगवर चालू नंबर असता तर बॅग त्याच सकाळी परत आली असती, हेही तितकंच खरं.

आता माझं म्हणणं. आपण बायका बॅगेवर नाव घालतो ते यजमानांचं किंवा मुलाचं. 'पाटील' एवढंच आडनाव तरी घालतो. एका संघात पाटील किती असतात ते मोजून बघा. स्वतःचं पूर्ण नाव लिहायला आपल्याला अजूनही संकोच वाटतो. बॅग आपली, आतली वस्त्रं आपली, औषधं आपली, मग नाव दुसऱ्याचं का? नंबर लिहाल तो दोन माणसांचा लिहा. एक आपला आणि दुसरा घरी राहिलेल्या, फोन उचलणाऱ्या माणसाचा. आपला फोन त्याच बॅगेत राहू शकतो, किंवा डोंगरावर रेंज नसते. घराचा पत्ता मात्र लिहू नका. घर बंद आहे, हे सगळ्या स्टेशनला सांगायचं कारण नाही. गावाचं नाव पुरे.

स्वाध्यायाला मी हे बोलले तेव्हा एक अक्का म्हणाल्या, "अगं, यात्रेला निघालो ते 'माझं माझं' सोडायला. तू बॅगेवर नावाच्या पाट्या कसल्या लावतेस? हा परिग्रहच की." मला ते लागलं आणि मी त्यावर बराच विचार केला. बॅग नेली तो परिग्रह नेतानाच झाला, चिठ्ठीनं तो वाढत नाही. कमी सामान न्यावं हा त्यावरचा खरा उपाय. पण जेवढं नेलं तेवढ्याची जबाबदारी घ्यायला नको का? शिवाय अचौर्याचाही विचार करा. दुसऱ्याची वस्तू दिल्याशिवाय घ्यायची नाही, हे आपण लहानपणापासून शिकलो. चुकून कुणी आपली बॅग उचलली, तर ती परत करायचा रस्ता त्या माणसाला आपणच द्यायला हवा. नाव नसलेली बॅग हातात आलेला प्रामाणिक माणूसही काय करणार?

सून म्हणते, "आई, बाजारात तयार टॅग मिळतात की." मिळतात. पण पुष्कळ टॅग चामड्याचे असतात, ते आपल्याला चालत नाहीत. प्लास्टिकच्या टॅगमधली कागदाची चिठ्ठी एका बाजूनं सरकून पडते आणि पेनची शाई पहिल्या पावसात पसरते. म्हणून मी घरीच करते. रीत अशी.

साडेआठ बाय साडेपाच सेंटिमीटरची चिठ्ठी करायची. वर नाव, खाली गाव, त्याखाली दोन नंबर. अक्षरं काळी, ठळक आणि हातभर अंतरावरून वाचता येतील एवढी मोठी. नाव देवनागरीतही आणि इंग्रजीतही. झारखंडात देवनागरी चालते, कर्नाटकात किंवा विमानतळावर इंग्रजी लागते. प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातून लेझरवर काढून घ्या. घरच्या इंकजेटची शाई पाणी लागलं की फुटते, लेझरची फुटत नाही. कागद जाड घ्या.

यानंतरच बहुतेक जणी चुकतात. अख्खा कागद लॅमिनेट करून मग चिठ्ठ्या कापल्या, तर कडेला कागद उघडा पडतो, त्यात पाणी शिरतं आणि थर सुटतात. आधी चिठ्ठ्या कापा. मग ए-फोर मापाच्या लॅमिनेशन पाऊचमध्ये त्या सुट्या सुट्या मांडा. प्रत्येकीच्या तीन बाजूंना अर्धा सेंटिमीटर आणि चौथ्या, आखूड बाजूला दीड सेंटिमीटर नुसतं प्लास्टिक राहू द्या. एका पाऊचमध्ये दोन ओळींत चार-चार अशा आठ चिठ्ठ्या बसतात. लॅमिनेशन झाल्यावर ती कड राखून कापा आणि कोपरे गोल करा, म्हणजे टोचत नाहीत. भोक त्या दीड सेंटिमीटरच्या पट्टीत पाडायचं, कागदावर अजिबात नाही. भोकाला पितळी रिंग ठोकून घेतली तर ओढाताणीत प्लास्टिक फाटत नाही.

लॅमिनेशनची सोय नसेल तर जाड पुठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवून दोन्ही बाजूंनी रुंद सेलोटेप लावा, पण कड तशीच राखा. एका यात्रेपुरतं ते टिकतं.

बांधायला नायलॉनचा केबल टाय घ्या आणि आखूड ठेवा. लोंबणारा टॅग कुठेतरी अडकून तुटतो. तशीच एक चिठ्ठी बॅगेच्या आत, कपड्यांच्या वर ठेवा. बाहेरचा टॅग गेला तरी आतला बोलतो. विमानानं जाणार असाल तर मागच्या प्रवासाचे बारकोडचे कागद आठवणीनं काढून टाका, नाहीतर यंत्र जुनाच कागद वाचायचं.

हिशेब मांडायची सवय बी.कॉम.पासूनची. प्रिंट, लॅमिनेशन आणि केबल टाय मिळून मला एक टॅग दहा रुपयांच्या आत पडला. त्या तीन दिवसांचा हिशेब मात्र मला मांडता आला नाही.

यांचा जुना टॅग मी फेकला नाही. तो कपाटात, यांच्या चष्म्याच्या डबीत आहे. बॅगेवर आता माझं नाव आहे. फेब्रुवारीत पुन्हा शिखरजीला निघतोय, नणंद याही वेळी बरोबर आहे. आमच्या संघातल्या बायकांचे टॅग या वेळी मीच करतेय. नाव सांगताना तिघी-चौघींनी यजमानांचंच नाव सांगितलं. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुमचं सांगा." दोघींनी सांगितलं. बाकीच्या अजून विचार करतायत.