आधी काम, मग दाम : आदिलाबाद जिल्ह्यातील घर बांधणाऱ्या कुटुंबांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, आदिलाबाद

प्रत माहितीसाठी : जिल्हा गृहनिर्माण विभाग, एकात्मिक आदिवासी विकास संस्था, उटनूर, सर्व मंडळ परिषद विकास अधिकारी

विषय : घरबांधणीचा लेखी करार, खर्चाचा अंदाज आणि गुत्तेदाराची जबाबदारी

सविनय निवेदन,

आम्ही जैनथ, बेला, भीमपूर, तामसी, तलमडगू आणि बोथ मंडळांत राहणारी, एका संघटनेत एकत्र आलेली मराठी बोलणारी कुटुंबे आहोत. आमच्यातली बहुतेक घरे कापसावर चालतात. कापसाचे पैसे दिवाळीपासून हाती येऊ लागतात, म्हणून पायाही त्याच दिवसांत खोदला जातो आणि मृगाच्या आत स्लॅब पडावा अशी सगळ्यांची धडपड असते. या सहा-सात महिन्यांत कुटुंब आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च करते, आणि तो तोंडी बोलीवर करते. गुत्तेदार चौरस फुटाचा दर सांगतो, आपण मान हलवतो, उचल देतो. त्या दरात पाया किती खोल, सळई किती जाड, गिलावा दोन्ही बाजूंनी की फक्त आतून, हे कुठेच लिहिलेले नसते. काम अर्ध्यावर आले की प्रत्येक गोष्ट ‘एक्स्ट्रा’ होते आणि भांडण सुरू होते.

अडचण कुठे आहे?

आमची घरे ज्या योजनेच्या मदतीने उभी राहतात, ती राज्य सरकारची इंदिरम्मा घरकुल योजना ११ मार्च २०२४ रोजी भद्राचलम येथे सुरू झाली. घरामागे ५ लाख रुपयांची मदत, किमान ४०० आणि जास्तीत जास्त ६०० चौरस फुटांचे घर, आणि मंजुरी घरातल्या बाईच्या नावावर. योजनेत हप्ते ठरवले गेले ते असे : पाया झाल्यावर १ लाख, भिंती छतापर्यंत आल्यावर १ लाख २५ हजार, स्लॅब झाल्यावर १ लाख ७५ हजार आणि घर पुरे झाल्यावर १ लाख. पैसे थेट लाभार्थीच्या खात्यात येतात. ही रीत आम्हाला मान्य आहे. काम दिसल्याशिवाय पैसा नाही, हा नियम सरकारने स्वतःसाठी घालून घेतला आहे.

गुत्तेदाराची रीत मात्र उलटी. पाया खोदण्याआधी उचल, भिंतींआधी उचल, सळई आणण्याआधी उचल. सरकारचा पैसा कामाच्या मागून येतो, गुत्तेदाराला तो कामाच्या आधी हवा असतो, आणि मधली खाच कुटुंबाला भरावी लागते. ही खाच सर्वांत खोल होते ती स्लॅबच्या वेळी. या हप्त्यांच्या हिशेबाने तोवर हाती २ लाख २५ हजार आलेले असतात आणि ते पाया-भिंतींत संपलेले असतात. सिमेंट, सळई आणि सेंट्रिंगचा सर्वांत मोठा खर्च तेव्हाच समोर येतो, सर्वांत मोठा हप्ता मात्र स्लॅबनंतर मिळतो. मग पुढच्या कापसावर आडत्याकडून पैसे उचलले जातात. घर उभे राहते आणि पुढचे पीक आधीच विकले गेलेले असते.

आमच्या मागण्या

१. करारनाम्याचा छापील नमुना द्यावा. त्यात कामाची यादी, मापे, मालाचा दर्जा, एकूण रक्कम, मुदत आणि वाढीव कामाचा दर अशा नोंदी असाव्यात. काम नुसत्या मजुरीवर आहे की मालासकट, हे पहिल्याच ओळीत यावे. नमुना तेलुगूबरोबर मराठीतही हवा. गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या घरांत तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. संविधानाच्या ३५०व्या अनुच्छेदाने संघात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. ज्या कागदावरून गाऱ्हाणे मांडायचे, तो कागदही वाचता आला पाहिजे. घर बाईच्या नावावर असते, बोलणी मात्र पुरुषांत होतात. म्हणून तिला वाचून दाखवल्याशिवाय आणि तिच्या सहीशिवाय करार पुरा मानू नये.

२. गुत्तेदाराचे देणे योजनेच्या टप्प्यांशी जोडावे. उचल एकूण मजुरीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावी. बाकी रक्कम टप्पा पुरा झाल्यावर, पावती घेऊन द्यावी. शेवटची ५ टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी, कारण स्लॅब गळतो की नाही हे पावसाळ्याशिवाय कळत नाही. स्लॅबच्या वेळची खाच भरण्यासाठी महिला बचत गटांमार्फत अल्प मुदतीचे कर्ज मिळावे आणि स्लॅबचा हप्ता आला की ते फेडून घ्यावे.

३. दर ठरण्याआधी जमीन पाहावी. आमचे रान काळे आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टेकवला की दोन-तीन वर्षांत भिंत तिरपी तडकते. मुरूम कुणाच्या जागेत चार फुटांवर लागतो, कुणाच्या आठ फुटांवर. बोली झाल्यावर खोदाई वाढली की सगळा हिशेब कोसळतो. म्हणून गृहनिर्माण विभागाच्या अभियंत्याने खड्डा पाहून पायाची खोली लेखी द्यावी आणि मगच दर ठरावा.

४. मंडळवार दरपत्रक दर महिन्याला लावावे. सिमेंट, सळई, गिट्टी, विटा, रेतीची ट्रिप आणि मिस्त्री-मजुरांची रोजी यांचे चालू दर ग्रामपंचायतीच्या फलकावर दिसावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. हे ज्या घरापर्यंत पोचलेच नाही, ते घर गुत्तेदाराच्या अंदाजात जुनाच दर मान्य करते. आदिलाबादच्या वेशीवरचा सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना नव्वदच्या दशकाअखेरपासून बंद आहे. आता गोणी बाहेरून येते आणि भाडे तिच्यावर चढते, म्हणून दर भाड्यासह लिहावा.

५. स्लॅबच्या दिवशी तपासणीस माणूस हजर असावा. ४०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे साडेचार घनमीटरहून थोडे जास्त काँक्रीट. एकास दीड आणि तीन या प्रमाणाने त्याला ३७-३८ गोण्या सिमेंट लागते, बीमचे वेगळे. त्यातल्या नऊ-दहा गोण्या वाचवल्या तर त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही; लक्षात येते तेव्हा सळई गंजून छत सुटू लागलेले असते. आयएस ४५६ या भारतीय संहितेप्रमाणे कोरड्या, कडक उन्हात काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारले पाहिजे. आदिलाबादच्या एप्रिल-मे महिन्यांत यात सवलत नको. गोण्यांची मोजणी, सळईचे अंतर आणि टेकू काढण्याची तारीख नोंदवहीत लिहावी आणि तिच्यावर तिघांच्या सह्या असाव्यात : घरमालकीण, गुत्तेदार, अभियंता.

६. प्रशिक्षित मिस्त्र्यांची यादी जाहीर करावी आणि प्रत्येक मिस्त्री-मजुराची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करून घ्यावी. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराचा तो हक्क आहे. परांचीवरून कुणी पडला तर दवाखान्याचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न आज मजूर आणि घरमालक दोघांनाही उघड्यावर टाकतो.

७. तक्रारीची वाट दाखवावी. २०१६ चा रेरा कायदा मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. एकट्या घराचा गुत्ता त्यात येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि ती ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे गुत्तेदार पेनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला असला, तरी दाद आदिलाबादेत मागता येते. हे गावांत कुणाला ठाऊक नाही. महिन्यातून एक दिवस मंडळ कार्यालयात मराठी-तेलुगूत तक्रार लिहून देणारा मदतनीस बसवावा.

आमची जबाबदारी

मागण्या करताना आम्हीही बांधील आहोत. प्रामाणिक गुत्तेदारही या तोंडी व्यवहारात बुडतो. काम चालू असताना घरमालक खोली वाढवतो, खिडकी हलवतो आणि पैसे देताना जुन्या बोलीवर बोट ठेवतो. आमचे सभासद पावतीशिवाय पैसे देणार नाहीत आणि लिहिल्याशिवाय काम वाढवणार नाहीत. ६०० चौरस फुटांच्या बाहेर जाऊन मदत धोक्यात घालणार नाहीत. अंदाजाचा दहावा हिस्सा हाती राखूनच पायाला कुदळ लावतील. टप्पा पुरा झाला की मजुरांची मजुरी त्याच आठवड्यात चुकती करतील.

यातल्या बहुतेक मागण्यांना मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक छापील कागद, एक फलक, एक नोंदवही आणि ठरलेल्या दिवशी हजर राहणारा माणूस. दिवाळी झाली की पुढच्या हंगामाचे पाये खोदले जातील. त्याआधी करारनाम्याचा मराठी नमुना प्रत्येक ग्रामपंचायतीत पोचवावा आणि या मागणीपत्रावर आमच्या प्रतिनिधींसोबत बैठक घ्यावी, ही आग्रहाची विनंती.

आपले नम्र,
संघटनेचे सर्व सभासद
जिल्हा आदिलाबाद, तेलंगणा