लाकडाचा विमा झाला, जबाबदारीचं काय?



आपल्या गटातली काही मुले मीरा-भाईंदरला फर्निचरच्या धंद्यात आहेत. परवा एकाच्या गाळ्यावर गेलो. मशिनी, प्लायवूड, सगळ्याचा आगीचा विमा त्याने उतरवलेला. "बसवलेलं कपाट गिऱ्हाइकाच्या अंगावर पडलं तर?" असे विचारले, तर गप्पच बसला.

ट्रॅक्टरला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या माणसाच्या इजेचा विमा सक्तीचा आहे, म्हणून आपण तो काढतो. सुताराच्या गाळ्याला तशी सक्ती नाही, म्हणून कोणी चौकशी करीत नाही. माझ्या मते चूक इथेच होते.

आगीचा विमा फक्त आपला माल भरून देतो. गाळ्यात आलेल्या माणसाला इजा झाली तर सार्वजनिक दायित्व विमा लागतो, विकलेल्या वस्तूने इजा झाली तर उत्पादन दायित्व विमा, आणि कारागिराचे बोट गेले तर कामगार भरपाई विमा. ही शेवटची जबाबदारी तर १९२३ च्या कायद्यापासून मालकाच्या डोक्यावर आहे.

न्यू इंडिया, ओरिएंटल यांसारख्या सरकारी विमा कंपन्यांत चौकशी करावी. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन केलेले काम विम्यात धरले आहे का, हे लेखी घ्यावे.

भरपाईची नोटीस आली, की पैसा शेवटी बापाच्या ऊसबिलातूनच जायचा. तेव्हा मुलाला आजच विचारा.

— ऊस विकास अधिकारी