‘एकदां प्रवेश मिळाला कीं झालें!’

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत जीं खोटीं वाक्यें खरीं म्हणून चालतात, त्यांत ‘दोन वर्षें कष्ट कर, एकदां इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला कीं झालें’ ह्या वाक्याचा मान पहिला आहे. दहावीच्या निकालापासून तें घरांत घुमूं लागतें. आई तें मायेनें म्हणते, बाप धाकानें म्हणतो, क्लासवाला धंद्यासाठीं म्हणतो. आणि मुलगा बिचारा त्यावर विश्वास ठेवतो. पुढें पहिल्या सत्राच्या परीक्षेंत तोच मुलगा गणितांत व मेकॅनिक्समध्यें नापास होतो, तेव्हां ही सर्व मंडळी एकमुखानें म्हणतात कीं, त्याला ‘जुळवून घेतां आलें नाहीं’. मोबाइल, वसतिगृह, संगत ह्यांच्या माथीं खापर फुटतें. आमचें म्हणणें असें कीं, ह्या खटल्यांत आरोपीच चुकीचा धरला आहे.

मुलगा काय शिकून आला आहे तें आधीं पाहूं. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेंत १८० मिनिटांत १५० प्रश्न सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. उत्तरें चार, त्यांतलें एक बरोबर, आणि चुकल्यास गुण कापले जात नाहींत. येथें हुशारी कशांत? प्रश्न ओळखण्यांत, सूत्र आठवण्यांत, नको तीं तीन उत्तरें झटपट बाजूस सारण्यांत. ह्या कौशल्यास आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. लाखों उमेदवारांतून निवड करावयाची तर कांहींतरी चाळणी हवीच. परंतु चाळणीलाच जातें समजून दोन वर्षें तींत दाणे घालीत बसलें, तर पीठ कोठून पडणार?

आतां हाच मुलगा मेकॅनिक्सच्या वर्गांत बसतो. भिंतीस टेकून एक शिडी उभी आहे. भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत. माणूस कितपत उंच चढला असतां शिडी घसरेल? खालीं चार उत्तरें दिलेलीं नाहींत. आधीं ती शिडी भिंतीपासून व जमिनीपासून मनानें सोडवून एकटी कागदावर काढावयाची. तिच्यावर भिंतीचा रेटा, जमिनीचा आधार, घर्षण, तिचें स्वतःचें वजन व माणसाचें वजन बाणांनीं दाखवावयाचें. मग समीकरणें मांडावयाचीं. नवशिक्यास ह्याला सहज वीस मिनिटें लागतात, आणि त्यांतल्या पहिल्या दहांत बहुधा कांहींच सुचत नाहीं. तें न सुचणें हा अभ्यासाचाच भाग आहे. पण ७२ सेकंदांच्या तालमींत तयार झालेला मुलगा दुसऱ्याच मिनिटास ठरवितो कीं आपण मठ्ठ आहों. ड्रॉइंगच्या तक्त्यापुढें तर त्याची ह्याहून फजिती. पॅराबोलाचें समीकरण त्यानें शंभर वेळां वापरलेलें असतें. परंतु शंकू त्याच्या तिरप्या कडेशीं समांतर कापला कीं दिसणारी वक्ररेषा ती हीच, हें त्याच्या हातांत शंकू देऊन कोणी दाखविलेलें नसतें. कार्यशाळेंत कानस घेऊन लोखंडाचा तुकडा गुण्याला बसेपर्यंत घासतांना कित्येकांस प्रथमच कळतें कीं, काटकोन घाम गाळून मिळवावा लागतो.

मग अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळा कोठें गेल्या? होत्या तेथेंच होत्या. पण मुलाचें नांव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि मुलगा दिवसभर क्लासांत, अशी ‘इंटिग्रेटेड’ सोय लावली गेली. २०१८ सालीं राज्य सरकारास विज्ञान शाखेसाठीं बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढावा लागला, ह्यावरून रोग किती मुरला होता तें दिसतें. आणि ही सोय पालकांनींच पैसे मोजून घेतली होती.

दरवर्षीं १५ सप्टेंबरास, अभियंतादिनीं, मुलांना विश्वेश्वरय्यांचें चरित्र ऐकविण्यांत येतें. त्यांची जिद्द अवश्य सांगावी. पण ते १८८१ सालीं बंगळूरास बी. ए. होऊन मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आले, आणि १८८३ सालीं तेथील परीक्षेंत पहिले आले, हा तपशील वक्ते सहसा गाळतात. ज्याला प्रश्नाशीं तासभर झुंजण्याची संवय आधीं लागली, त्याला पुढें कॉलेजाशीं जुळवून घेणें जड गेलें नाहीं, ह्यांत नवल तें काय?

सरकारी पातळीवर हें कोणास दिसलेंच नाहीं असें नाहीं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमांत आरंभींच तीन आठवड्यांचा परिचयवर्ग घातला. हेतु चांगला आहे. परंतु तीन आठवडे व्यायाम, व्याख्यानें व भेटी करून चौथ्या आठवड्यांत मुलांना त्या शिडीपुढें एकटें सोडावयाचें, ह्यास कोणी उपाय म्हणत असेल तर म्हणो बापडा.

‘आम्हीहि ह्यांतूनच गेलों, पाण्यांत पडलें कीं पोहतां येतें’ असें म्हणणारे वडीलधारे पुष्कळ भेटतात. पण हें सांगावयास काठावर पोंचलेलेच तेवढे उरतात! तालुक्याच्या गांवाहून आलेली मुलगी, जिला शंका आहे पण ती इंग्रजींत विचारण्याचा धीर नाहीं. रविवारीं घरच्या फोनवर ‘सगळें ठीक आहे’ म्हणणारा आणि ए. टी. के. टी. लपविणारा मुलगा, ह्यांची साक्ष कोण काढतो? शाळेंत सदा पहिला आलेल्या मुलास नापास होण्याचें दुःख विषय राहिल्याचें नसतें. घरच्यांनीं सांगितलेलें सगळेंच खोटें ठरल्याचें असतें. त्याचा शेवट कधीं कधीं वर्तमानपत्रांत वाचावा लागतो.

कॉलेजांकडे आमचें मागणें फार नाहीं. चौथ्या आठवड्यांत एक लेखी चांचणी घ्यावी, तिचे गुण कोठेंहि धरूं नयेत, आणि प्रत्येक कागद मुलासमोर बसून तपासावा. मेकॅनिक्सच्या उदाहरणांसाठीं वीस-वीस मुलांच्या तुकड्या कराव्या. नवखा अध्यापक पहिल्या वर्षावर ढकलून जुन्यांनीं वरचे वर्ग घ्यावयाचे, ही रीत असेल तेथें ती सोडावी. आणि पालकांनीं? प्रवेशाच्या दिवशीं कॉलेजाच्या कचेरींत ते पहिला प्रश्न विचारतात तो पॅकेजचा. पुढच्या जूनमध्यें त्याच्याआधीं दुसरा एक विचारून पाहावा: पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स कोण शिकवितात, आणि त्यांच्या वर्गांत मुलें किती?