कुंपणाआतील वृक्ष आणि वैद्यांचे मौन

गेल्या शरदात आमच्या चिकित्सालयात एक कुटुंब आले. गृहिणीस तमकश्वासाचा जुना त्रास होता आणि शेजारच्या बंगल्याच्या आवारातील सातविणीला बहर आला की तो वाढतो, अशी त्यांची तक्रार होती. औषध त्यांना हवेच होते. पण त्याहून अधिक हवा होता तो दाखला. ‘या वृक्षामुळे प्रकृतीस अपाय होतो’ एवढे वाक्य लेटरहेडवर लिहून द्यावे, झाड तोडण्याच्या अर्जास ते जोडावयाचे आहे, असे त्यांनी सांगितले. आम्ही दाखला दिला नाही. बहर काही आठवड्यांचा असतो, तेवढ्या काळात घ्यावयाची काळजी समजावली, औषधयोजना केली आणि आपले कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात राहिलो.

पुढे त्या खोडावर एक नोटीस लागली. चिकित्सालयात जाता-येता ती आमच्या दृष्टीस रोज पडत होती. हरकत घेण्याची मुदत तिच्यावर स्पष्ट छापलेली होती. ती मुदत उलटली आणि संक्रांतीच्या सुमारास सातवीण गेली. ज्या वृक्षाची साल आम्ही विषमज्वरात वापरतो, ज्याचे गुणधर्म आम्ही विद्यार्थ्यांना तोंडपाठ करावयास लावतो, त्याच्यासाठी अर्धे पान लिहिण्यास आम्हांस वेळ मिळाला नाही. या लेखाचे निमित्त ती सातवीण आहे, आणि यातील पहिला दोष आम्ही आमच्याच पदरी घेतो.

आपल्या आवारातील झाड ही आपली खासगी मालमत्ता, ते ठेवावे की तोडावे हा आपला प्रश्न, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती खरी नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खासगी जमिनीवरील झाडांनाही लागू आहे. मालकालाही आधी अर्ज करावा लागतो. वृक्ष अधिकाऱ्याने चौकशी करावयाची, झाडावर नोटीस लावावयाची, वृत्तपत्रांतून जाहीर सूचना द्यावयाची, नागरिकांच्या हरकती ऐकावयाच्या आणि मग निर्णय करावयाचा, असा क्रम कायद्यास अभिप्रेत आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ असा दर्जा दिला. तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावावीत, हे तत्त्वही त्याच दुरुस्तीने आणले.

कायदा असा असताना झाडे जातात ती का? आमच्या मते उत्तर साधे आहे. या साऱ्या व्यवस्थेत झाडाच्या बाजूने बोलण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे हरकत. आणि ती कोणी तरी लिहावी लागते. अर्जदारास कारण असते, निकड असते, बहुधा वास्तुविशारद वा ठेकेदारही असतो. झाडाला कोणी नसतो. एकही हरकत आली नाही, तर अधिकाऱ्यासमोर अर्जदाराचीच बाजू राहते.

सार्वजनिक जागेतील वृक्षांचे तसे नाही. २०२२ च्या प्रारंभी उंटवाडीचा सुमारे दोनशे वर्षांचा मानला जाणारा वड उड्डाणपुलाच्या आराखड्यात सापडला, तेव्हा नाशिककर उभे राहिले, तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी लक्ष घातले आणि वड वाचला. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील सुमारे अठराशे झाडांविषयीची नोटीस नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाली, तेव्हाही नागरिकांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदविल्या. अभिनेते सयाजी शिंदे यांच्यासारखी मंडळी तेथे आली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचले. परंतु गंगापूर रोड, कॉलेज रोड, शरणपूर रोड, टिळकवाडी या भागांतील जुने बंगले एकामागून एक पाडले जाऊन तेथे इमारती उठत आहेत. त्या बंगल्यांच्या परसातील बकुळ, उंबर, बेल, कडुनिंब एकेकटे जातात. एका झाडासाठी मोर्चा निघत नाही आणि छायाचित्रकारही येत नाही. मोगल काळात ज्या नगरीस गुलशनाबाद म्हणत, तिची बाग अशी एकेका कुंपणातून उणी होत आहे.

यात आपल्या शास्त्राला सर्वांत जवळचे जे वृक्ष, त्यांचीच गत सर्वांत वाईट आहे. वड, उंबर, पिंपळ, पारस पिंपळ आणि प्लक्ष यांच्या साली म्हणजे आपले पंचवल्कल. व्रणप्रक्षालनासाठी त्याचा क्वाथ आजही आपल्यापैकी अनेकांच्या नित्य उपयोगात आहे. सुश्रुताचार्यांनी तर एका गणाला न्यग्रोधाचेच नाव दिले. आणि तोडण्याच्या अर्जांतील नेहमीची कारणे आठवून पाहावीत: मुळांनी भिंतीस तडा गेला, पाण्याच्या टाकीत मुळे शिरली, फळांनी अंगणात घाण होते, पक्षी बसतात. ही सारी वर्णने वड, पिंपळ आणि उंबर यांचीच आहेत. पाच वटांवरून ज्या भूमीस पंचवटी हे नाव पडले, तेथे वटवृक्षाचा मुख्य अपराध कंपाउंडची भिंत हा ठरावा, याहून मोठा विपर्यास कोणता?

प्रत्येक झाड कोणत्याही स्थितीत राहिलेच पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. खोड पोखरलेले, घरावर कललेले, वादळात जीवितास धोका करील असे झाड काढावेच लागते. मुळांनी खरोखरच पाया उचलला असेल, तर त्या कुटुंबाची अडचण खोटी नव्हे. पण भिंत वळवून बांधता येते, परवानगी घेऊन फांद्यांची शास्त्रोक्त छाटणी करता येते, इमारतीचा नकाशा झाड धरून आखता येतो. हे उपाय आधी तपासले गेले का, एवढे विचारणारा एक जाणकार हवा. रोग्याचा अवयव कापण्यापूर्वी आपण जेवढा विचार करतो, तेवढाच येथे अपेक्षित आहे.

मात्र दुसऱ्यास विचारण्यापूर्वी आपले हात पाहिले पाहिजेत. रस्त्याकडेच्या आणि सोसायट्यांतील अर्जुनाच्या खोडांवर कोयत्याचे ताजे घाव आपण सर्वांनी पाहिले आहेत. खोडाभोवती साल पूर्ण सोलली की झाड उभ्याउभ्या वाळते, आणि वाळलेले झाड ‘धोकादायक’ म्हणून रीतसर तोडता येते. कायद्याच्या दृष्टीने झाडास कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. ही साल शेवटी कोठे जाते? काष्ठौषधींच्या बाजारात, तेथून औषधालयात आणि तेथून आपल्या भरडीत. बृहत्पंचमुळाचे पाचही वृक्ष, म्हणजे बेल, शिवण, टेटू, पाडळ आणि अग्निमंथ, त्यांच्या मुळांसाठी मागितले जातात. आणि मूळ काढणे म्हणजे बहुधा वृक्षच काढणे. शेड्यूल टीनुसार कच्च्या द्रव्याची नोंद ठेवणे औषधनिर्मात्यांस बंधनकारक आहेच. त्या नोंदीत ‘माल कोठून आला’ हा रकाना प्रामाणिकपणे भरला गेला, तरी बरेच काही साधेल. स्वस्त साल घेताना पावती न मागणारा खरेदीदार त्या कोयत्याचा भागीदार असतो, हे कटू असले तरी सत्य आहे.

तिसरी गोष्ट बदल्यात लावावयाच्या झाडांची. अर्जदार ‘दहा अशोक लावले’ असे लिहून देतो आणि ते कागदावर शोभते. प्रत्यक्षात कुंपणालगत जे सरळसोट उंच झाड लावले जाते ते पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होय. अशोकारिष्टाचा अशोक तो नव्हे. आपला अशोक म्हणजे सराका असोका. तो निसर्गात दुर्मीळ होत चालल्यामुळेच त्याच्या सालीत या दुसऱ्या झाडाची भेसळ होते, हे औषधालय चालकांना सांगावयास नको. एका नावाखाली दोन वृक्ष आहेत, हे बागकाम करणाऱ्यास ठाऊक नसेल. द्रव्यगुण शिकलेल्यास ठाऊक असते. ते ज्ञान आपण कोणाला दिले?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, संघटनेच्या नाशिक शाखेने प्रभागवार एकेका सदस्याने झाडांवरील नोटिशांकडे लक्ष ठेवावे आणि मुदतीत लेखी हरकत द्यावी; तिच्यात वृक्षाचे शास्त्रीय नाव, अंदाजे वय, औषधी उपयोग आणि पर्यायी उपाय असे चारच मुद्दे असावेत. दुसरी, वृक्ष प्राधिकरणावर झाडांची जाण असलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींना घेण्याची तरतूद कायद्यात आहे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे नाशिक महापालिकेत प्रशासकीय राजवट होती. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. लोकनियुक्त सभागृह आल्यावर द्रव्यगुणाच्या एका अभ्यासकाचे नाव पात्रतेच्या अटी तपासून संघटनेने सुचवावे. ज्या शहरात गणेशवाडीचे आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, तेथे असा माणूस मिळणे अवघड नाही. तिसरी, कोणत्या आवारात कोणते झाड लावावे याची एक यादी शाखेने करून उद्यान विभागास द्यावी. लहान अंगणास बेल, आवळा, पारिजातक; मोठ्या आवारास बकुळ, अर्जुन, सातवीण; आणि भिंतीपासून पुरेसे अंतर असेल तेथेच वड व उंबर. झाड जागा पाहून लावले, तर पन्नास वर्षांनी ते तोडण्याचा अर्ज येणार नाही.

आणि दाखल्याविषयी एक विनंती. झाडाविरुद्ध वैद्यकीय दाखला मागावयास कोणी आले, तर रुग्णाची चिकित्सा करावी, कागद देऊ नये. पण तेथेच थांबूही नये, हे आम्ही उशिरा शिकलो. त्या सातविणीच्या जागी आज मोटारी उभ्या राहतात. आमची रुग्णा अजूनही औषधासाठी येते. दमा गेलेला नाही.