गाडीचा धनी कोण?

सुरत शहराच्या पूर्व अंगाला, सहारा दरवाजाकडून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया हा भाग आहे. पाटिया म्हणजे हमरस्त्यावरची गावाच्या नावाची पाटी. त्या पाटीमागचे पर्वत गाव केव्हाच शहरात विरून गेले. यंत्रमागावरचे कोऱ्या कापडाचे तागे पांडेसरा, सचिन, कडोदरा येथील रंगाई-छपाईच्या गिरण्यांकडे आणि तेथून तयार माल रिंग रोडवरील बाजारपेठांकडे पोहोचविणाऱ्या टेंपोंची या परिसरात सतत वर्दळ असते. पोटासाठी खानदेशातून सुरतेस गेलेले आपले अनेक मराठी बांधव याच कापडधंद्यावर जगतात. धंदा सुरतेचा असला, तरी त्या टेंपोच्या चाकांना चिकटलेला प्रश्न पणजी-मडगावास आणि रत्नागिरी-मालवणासही परका नाही. गाडी मालकाची आणि सुकाणू नोकराच्या हाती. मग तिची निगा राखण्याची जबाबदारी कोणाची?

मालकवर्गाची तक्रार सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. स्वतःची सायकल रोज पुसून ठेवणारा मनुष्य कंपनीची मोटार मात्र चिखलाने माखलेली ठेवतो, रेडिएटरात पाणी आहे की नाही हे पाहत नाही, आणि ब्रेक कुरकुरू लागले तरी ‘उद्या सांगू’ म्हणून पुढे हाकतो. परक्या वस्तूविषयीची ही बेफिकिरी हा आपल्या अंगवळणी पडलेला दोष आहे. खंडेनवमीला वाहनास झेंडूचा हार घालणाऱ्या समाजाने वर्षाचे उरलेले दिवस त्याच्याकडे पाठ फिरवावी, ही पूजेचीच विटंबना होय. सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी पाणी, तेल, हवा, दिवे आणि ब्रेक तपासणे हे चालकाचे पहिले कर्तव्य आहे. विश्वासाने हाती दिलेले सुकाणू दुसऱ्याच्या हाती न सोपविणे हे दुसरे.

या दुसऱ्या कर्तव्याचे मोल किती, हे गुजरातेतूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्याने 1966 मध्ये दाखवून दिले. मालकाने चालकाच्या स्वाधीन केलेली टॅक्सी चालकाने ती धुणाऱ्या क्लीनरच्या हाती, परवान्याच्या चाचणीसाठी दिली आणि त्याच्या हातून एक मनुष्य जखमी झाला. हे कृत्य मालकाच्या कामाच्या ओघातील नव्हे, असे न्यायालयाने बहुमताने ठरविले व मालक सुटला. चालकाच्या एका सैल निर्णयाची किंमत अशी रस्त्यावरच्या तिऱ्हाइताने मोजली.

परंतु यावरून मालकांनी हात झटकून मोकळे व्हावे, असे मात्र नव्हे. डिसेंबर 1960 मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार सावनेरनजीक झाडावर आदळून आतील प्रवासी मृत्यू पावला. मोटार खुद्द कंपनीचा व्यवस्थापक चालवीत होता. तो कंपनीच्याच कामासाठी निघाला होता, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये कंपनीवर जबाबदारी ठेवली. नोकराच्या हाताने काम करून घ्यावयाचे, आणि तो हात चुकला की तो आपला नव्हेच म्हणावयाचे, ही सोय कायद्याने ठेवलेली नाही.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 190 वे कलम तर अधिकच स्पष्ट आहे. जो दोष ठाऊक आहे, किंवा साधी काळजी घेतली असता ध्यानात आला असता, अशा दोषासह गाडी चालविणारा जसा अपराधी, तसाच ती चालवावयास लावणारा व चालवू देणाराही. व्यवहारात मात्र या दुसऱ्याकडे कोण पाहतो? फेरीवर मजुरी मिळणाऱ्या चालकाने ‘आज ब्रेक नीट लागत नाहीत’ म्हटले, तर त्या दिवसाची फेरी बुडते आणि चूल बुडते. गोमंतकात 2012 मध्ये खाणी थांबण्यापूर्वी खनिजवाहू ट्रकांची फेऱ्यांसाठी लागलेली शर्यत उसगाव-तिस्क आणि सावर्डे-कुडचडे भागांतील जनतेने पाहिलेली आहे. जेथे घाईलाच मजुरी मिळते, तेथे निगा राखणारा मूर्ख ठरतो. मग अपघात झाला की दुरुस्तीचा खर्च चालकाच्या पगारातून कापला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच!

वास्तविक अशा कपातीलाही मर्यादा आहे. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने घातलेली आणि 2019 च्या वेतन संहितेने कायम राखलेली ती अट अशी की, नुकसान नोकराच्या हयगयीमुळेच झालेले असावे, कपात नुकसानीहून अधिक नसावी, आणि तत्पूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. पर्वत पाटियाच्या परिसरात पावसाळ्यात खाडीचे पाणी चढते. ऑगस्ट 2006 मध्ये तर उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला होता. अशा रात्री रस्त्याकडेला उभा केलेला टेंपो बुडाला, तर ती चालकाची हयगय, की गाडी ठेवण्यास उंचावरची जागाच न देणाऱ्या मालकाची? हे पाणी येण्यापूर्वी ठरावे लागते. बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग?

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक गाडीबरोबर एक नोंदवही असावी. गाडी हाती घेताना व परत करताना तिची अवस्था तीत लिहून दोघांनी सही करावी. शक्यतो एक गाडी एकाच चालकाकडे राहावी, म्हणजे तिच्या आवाजातला फरक त्याच्या कानास कळेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चालकाने दोष लेखी कळविल्यावर दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर निघू नये व त्या दिवसाची मजुरी त्याला मिळावी. हे झाल्यावरही जो हयगय करील, त्याच्याकडून भरपाई घेण्यास आमची मुळीच हरकत नाही.

जबाबदारी आणि अधिकार ही गाडीच्या एकाच आसाची दोन चाके आहेत. ज्याला गाडी थांबविण्याचा अधिकार नाही, त्याला ती सांभाळली नाही म्हणून दंड करणे हा न्याय नव्हे. आणि तो अधिकार मिळाल्यावरही जो डोळे मिटून ती हाकील, त्याची गय करणे हीही दया नव्हे. कारण रस्त्याने पायी चालणाऱ्यास मालक कोण आणि नोकर कोण हे ठाऊक नसते. त्याला फक्त ब्रेक लागावयास हवे असतात.