पाचवे स्वातंत्र्य कोणाचे?

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४१ रोजी तेथील काँग्रेससमोर चार स्वातंत्र्यांचा उच्चार केला : भाषणाचे, उपासनेचे, अभावापासून मुक्तीचे आणि भयापासून मुक्तीचे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांतील तिसरे विशेष मोलाचे वाटत आले. या चारांत पाचव्याचीही भर पडली आहे, हे मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर, नातवाच्या शेजारी बसून मला कळले.

‘स्प्लिंटर सेल’ हा व्हिडिओ गेम युबिसॉफ्ट कंपनीने २००२ साली बाजारात आणला. त्याचा नायक सॅम फिशर हा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएसएच्या, एका गुप्त शाखेचा हेर. संस्था खरी, शाखा कल्पित. अंधारात दबा धरावा, दिवे फोडावेत, पहारेकऱ्याला मागून धरून माहिती काढून घ्यावी, बेशुद्ध देह सावलीत ओढून न्यावा, असा हा खेळ. त्यात कौशल्य आहे, संयमाची कसोटी आहे. मीही दोन संध्याकाळी त्यात रमलो, हे नाकारीत नाही. आक्षेप आहे तो या हेराला मिळालेल्या परवान्यावर. पहिल्या चार स्वातंत्र्यांच्या रक्षणासाठी कायदा मोडण्याचा आणि प्रसंगी जीव घेण्याचा अधिकार, यालाच खेळात ‘पाचवे स्वातंत्र्य’ म्हटले आहे!

शब्दाची याहून मोठी विटंबना कोणती? रूझवेल्ट यांची चार स्वातंत्र्ये नागरिकाची होती. हे पाचवे सत्तेचे आहे. शिवाय त्यात पंक्तिप्रपंचही आहे. कथेच्या ओघात फिशरला सीआयएच्या मुख्यालयात शिरावे लागते, तेव्हा तेथे कोणाचाही जीव घेण्यास सक्त मनाई असते. जॉर्जियातील सरकारी इमारतींवर पहारा देणाऱ्याला मात्र हे अभय नाही. रात्रपाळी करणारे पगारी नोकर दोघेही. पण एकाच्या प्राणाला मोल आहे, दुसऱ्याच्या नाही. अखेरीस तर जॉर्जियाच्या कल्पित अध्यक्षालाच गोळी घालण्याचे काम खेळाडूवर येते.

‘अहो, हा तर खेळ आहे’, असे कोणी म्हणेल. परंतु याच एनएसएने व्हिएतनाम युद्धाच्या काळात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संदेशवहनावर पाळत ठेवली होती. किंग कोणा परकीय सत्तेचे हस्तक नव्हते. स्वदेशातील अन्यायाविरुद्ध ते उघड्या रस्त्यावर लढत होते. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवरून दिसले, की ही संस्था लक्षावधी अमेरिकनांच्या दूरध्वनींच्या नोंदी सरसकट गोळा करीत होती. ही सरसकट वसुली कायद्यात बसत नाही, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने मे २०१५ मध्ये दिला. पाचव्या स्वातंत्र्याने चौथ्याचा घास कसा घेतला, हे सांगावयास याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

या खेळावर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. बंदी हेही सत्तेचेच आवडते हत्यार. मुलांनी खुशाल खेळावे. मात्र एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी त्यांना जरूर सांगावी. या खेळात आपण अंधारात असतो आणि दुसरा उजेडात. प्रत्यक्षात अंधारात सत्ता असते, आणि उजेडात उभा असलेला, कोण पाहते आहे याचा पत्ता नसलेला तो पहारेकरी म्हणजे आपणच.