हवेचा हिशेब

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली ‘एमएक्स-५’ ही दोन आसनांची चिमुकली स्पोर्ट्स मोटार बाजारात आणली. तिचे १.६ लिटरचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्तीचे. गाडी देखणी, वळणावर चपळ, परंतु वेगाच्या मानाने बेताचीच. तेव्हा अमेरिकेतील हौशी मंडळी तिला बाहेरून आणलेला टर्बोचार्जर जोडू लागली.

या यंत्राची रचना आम्हांस मोठी कल्पक वाटते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरते. त्याच आसावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबते. जो धूर वाया जावयाचा, तोच कामास लागतो!

पण वाचकहो, हवा वाढली की पेट्रोलही वाढले पाहिजे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. दाबाखाली तर पेट्रोल याहूनही सढळ हाताने द्यावे लागते. गाडीतील मूळ नियंत्रक एवढ्या हवेचा हिशेब ठेवण्यासाठी बनविलेलाच नसतो. मग ठिणगीची ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यासच कारागीर ‘नॉकिंग’ म्हणतात. ते चालूच राहिले तर पिस्टन फुटतो, आणि हौशीचे इंजिन भंगारात जाते.

म्हणून जाणते कारागीर आधी मोठे इंजेक्टर बसवितात, नियंत्रकाची मांडणी बदलून ठिणगी थोडी उशिरा पाडतात, आणि मगच हवेचा दाब हळूहळू चढवितात. ब्रेकची आठवण मात्र पुष्कळांना सर्वांत शेवटी होते. आमच्या मते पहिला पाना तेथेच लागावयास हवा.